कन्हानची रेती आणि फॅरनहाइटचा पारा

मे महिन्यात भर दुपारी नागपूरलगत कामठीजवळ कन्हान नदीच्या पात्रात अनवाणी उतरून बघा. दहा पावलं टाकेस्तोवर तळपाय पोळतात अन् धारेत पाय पडला की जीवात जीव येतो. पहाटे सगळं उलटं असतं, रेती गार आणि पाणी कोमट. ऊन तर दोघांवर सारखंच पडलेलं. नदीच्या रेतीत डांगरं पिकवणाऱ्या डांगरवाडीवाल्यांना यात नवल वाटत नाही, पण याचा हिशेब लागायला अठरावं शतक अर्धं उलटावं लागलं.

तोवर उष्णता आणि तापमान यांत कुणी फारसा फरकच करत नसे. नेदरलँड्समधल्या लायडनचे वैद्य आणि रसायनशास्त्रज्ञ बुरहाव्ह यांचं मत असं की, उष्णता आकारमानाच्या प्रमाणात वाटली जाते; वस्तू कुठलीही असो. त्यांच्यासाठी फॅरनहाइटने (हो, तोच थर्मामीटरवाला) पारा आणि पाणी मिसळून पाहिलं. समजा पाणी 100 अंशांवर, पारा 150 वर, दोन्ही एकाच मापाने घेतले. मिश्रण 125 वर यावं, ते आलं 120 वर. पारा 30 अंश उतरला, पाणी फक्त 20 चढलं. पारा पाण्याच्या तेरापटीहून जड, तरी हार त्याचीच! 1732च्या ग्रंथात बुरहाव्ह यांनी हा प्रयोग छापला आणि आपलं मत जसंच्या तसं ठेवलं.

1760च्या सुमारास स्कॉटलंडच्या ग्लासगोत रसायनशास्त्राचा प्राध्यापक जोसेफ ब्लॅकने तेच आकडे नीट वाचले. तापायला किती उष्णता लागते हे नुसत्या वजनावर ठरत नाही, नुसत्या आकारमानावरही नाही. प्रत्येक पदार्थाची भूक वेगळी. हे तो वर्गात शिकवत राहिला, छापलं मात्र नाही. व्याख्यानं पुस्तकरूपात आली 1803 मध्ये, तो वारल्यावर. दरम्यान स्वीडनचा भौतिकशास्त्रज्ञ विल्के याने 1781 मध्ये तीच गोष्ट स्वतंत्रपणे मांडली होती.

किलोभर पदार्थ एक अंश तापवायला किती उष्णता लागते, या मोजमापात कोरडी रेती पाण्याच्या जेमतेम एक पंचमांश भरते. याचं कारण कळायची वाट दुलाँ आणि पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1819 मध्ये उघडली: घन मूलद्रव्यांत दर अणूमागे लागणारी उष्णता जवळपास सारखी. किलोभर पाण्यात किलोभर रेतीपेक्षा तिपटीहून जास्त अणू असतात. शिवाय पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. ती पकड सैल करण्यातही उष्णता खर्ची पडते.

शाळेत धडा इथेच संपतो आणि मला ते अर्धवट वाटतं. पाण्यासाठी रेतीत झिरा खणताना कोपरभर खाली हात घाला, रेती गारच लागते. कणांमधल्या हवेमुळे ऊन वरच्या दोन-चार बोटांतच अडकतं. पाण्यात ते खोल शिरतं, लाटांनी ढवळलं जातं, शिवाय बाष्पीभवनात उडून जातं. तळपाय पोळण्यात याचा वाटा मोठा.

जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, त्यावरून मोसमी वारे कसे वाहतात हे खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने 1686 मध्येच मांडलं होतं, ब्लॅकच्या कितीतरी आधी. मुंबईची मे महिन्यातली दुपार साधारण 33-34 अंशांची, आपली नागपूरची 42च्या पुढची. 23 मे 2013 रोजी तर पारा 47.9 वर गेला होता. तलाव म्हणाल तर अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर आहेतच. पण शहरासाठी समुद्राचं काम करायला ते फारच लहान. संध्याकाळी काठावर बसलं की थोडा वारा लागतो, तेवढाच.