घोड्याचा घाम आणि मीठ : एका उशिरा उलगडलेल्या कारणाची पार्श्वभूमी

अकलूजच्या बाजारातून आणलेला घोडा दौडीसाठी तयार करताना सोलापूर जिल्ह्यात खुराकाची चर्चा पुष्कळ होते; मिठाचीही तितकीच व्हायला हवी. घोड्याला मीठ लागते, हे ज्ञान आपल्याकडे जुनेच आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात उत्तम घोड्याच्या शिध्यात धान्य आणि तेलतुपाबरोबर ५ पल (पल हे जुने वजनी माप) मीठ सांगितले आहे. त्यामागचे कारण स्पष्ट व्हायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

१९५५ मध्ये कॅलिफोर्नियात एका दिवसात १०० मैल अंतर कापण्याची टेव्हिस कप ही दौड सुरू झाली. अशा लांब पल्ल्याच्या दौडींत गलितगात्र झालेल्या घोड्यांचे रक्त १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातीलच डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी तपासले, तेव्हा पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम आणि विशेषतः क्लोराइड यांची मोठी तूट दिसून आली. माणसाच्या घामात रक्ताच्या मानाने क्षार कमी असतात; त्यामुळे घाम गेल्यावर मागे राहिलेले रक्त अधिक खारट होते आणि तहान लागते. घोड्याचा घाम मात्र रक्ताइतकाच किंवा त्याहून खारट असतो. त्यात लिटरमागे सुमारे १० ग्रॅम क्षार असतात. पाणी आणि मीठ एकदमच निघून गेल्याने रक्ताचा खारटपणा वाढत नाही, मेंदूला तुटीची वर्दी पोहोचत नाही आणि कडक उन्हात तासाला १० ते १५ लिटर घाम गाळलेला घोडाही समोरच्या बादलीला तोंड लावत नाही. त्याला तहान नाही असे समजून बादली उचलणे, हीच खरी घातक चूक होय. क्लोराइड फार घटल्यास रक्त अल्कधर्मी बनते, त्यातील मोकळे कॅल्शियम कमी होते आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर घोड्याची कूस, म्हणजे बरगड्यांमागची बाजू, उडू लागते.

सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम अंगावरच वाळतो, म्हणून तूट नजरेत भरत नाही. वाळलेल्या केसांवरची पांढरी पुटे तेवढी दिसतात. शिवाय कडब्यातून पोटॅशियम भरपूर मिळते, पण सोडियम अगदी थोडे, त्यामुळे ते मिठातूनच पुरवावे लागते. दौडीच्या आदल्या दिवशी जादा मीठ चारून ते शरीरात साठवता येत नाही, कारण उरलेले मीठ लघवीवाटे निघून जाते. म्हणून तयारीच्या काळात ते रोजच्या चंदीत मिसळावे आणि स्वच्छ पाणी सदैव समोर ठेवावे.