चाल कुणाची, रेकॉर्डिंग कुणाचं?

समजा, इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका हौशी गायकाने रामनवमीला कराओके ट्रॅकवर गीतरामायणातलं एक पद म्हटलं, नीट रेकॉर्ड केलं आणि यूट्यूबवर चढवलं. संध्याकाळपर्यंत दोन क्लेम, म्हणजे हक्काचे दावे, आले. त्याला वाटतं, आवाज माझा, माइक माझा, मग क्लेम कसला? दोन्ही क्लेम खरे असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत. एक कराओके ट्रॅक बनवणाऱ्याचा. वाद्यमेळाचं ते रेकॉर्डिंग त्याने पैसे घालून करून घेतलंय. दुसरा शब्द आणि चालीच्या मालकाचा. गायकाचा स्वतःचा आवाज या दोन्हींच्या वर तिसरा थर म्हणून बसतो, आणि तो खालच्या थरांची परवानगी आपोआप मिळवून देत नाही.

रोजच्या बोलण्यात आपण सगळ्यालाच ‘गाणं’ म्हणतो, घोटाळा तिथून सुरू होतो. 1957 चा कॉपीराइट कायदा यांना वेगवेगळ्या खणांत ठेवतो. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि त्यातून तयार झालेला ऐकू येणारा आवाज म्हणजे ध्वनिमुद्रण. शब्दांचा पहिला मालक सहसा कवी, चालीचा संगीतकार. रेकॉर्डिंगचा पहिला मालक मात्र गायक नसतो. ज्याने ते करण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो निर्माता, म्हणजे बहुतेक वेळा कंपनी.

‘मोगरा फुलला’ घ्या. शब्द ज्ञानेश्वरांचे, तेराव्या शतकातले, त्यांच्यावर आज कुणाचाही हक्क नाही. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, म्हणजे विसाव्या शतकातली आणि पूर्णपणे हक्काखालची. लता मंगेशकरांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग ही तिसरी गोष्ट. कुणी हाच अभंग स्वतः बांधलेल्या चालीत म्हटला, तर कुणालाच विचारायला नको. त्याच चालीत म्हटला, तर चालीच्या मालकाची परवानगी हवी. मूळ रेकॉर्डिंगचा तुकडा रीलमागे लावला, तर चाल आणि रेकॉर्डिंग दोन्हींची. ‘अभंग संतांचा आहे, तो सगळ्यांचाच’ हे वाक्य शब्दांपुरतंच खरं आहे. आपल्याकडे भजनी मंडळांपासून शाळेच्या स्नेहसंमेलनांपर्यंत सर्वांत जास्त पाय घसरतो तो इथेच.

मुदतीही वेगळ्या. शब्द आणि चालीचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. मोजणी पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून होते. गदिमा 1977 मध्ये गेले, म्हणजे गीतरामायणाचे शब्द 31 डिसेंबर 2037 नंतर मुक्त होतील. सुधीर फडके 2002 मध्ये गेले, म्हणजे चाली 31 डिसेंबर 2062 नंतर. एकाच पदाचे शब्द चालीच्या 25 वर्षं आधी सुटतील. रेकॉर्डिंगचं गणित मृत्यूशी बांधलेलंच नाही. ते प्रकाशित झाल्यापासून 60 वर्षं. 1960 मध्ये बाजारात आलेल्या तबकडीवरचा रेकॉर्डिंगचा हक्क 31 डिसेंबर 2020 ला संपला. पण त्या तबकडीवरच्या गाण्याचा संगीतकार 1990 मध्ये गेला असेल, तर चाल 2050 अखेरपर्यंत बांधलेली आहे. म्हणून ‘जुनी तबकडी आहे, टाकायला हरकत नाही’ हे अर्धवट उत्तर आहे.

इथे एक खड्डा आहे. अ‍ॅपवर अल्बमच्या तळाशी वर्तुळातला ‘पी’ आणि पुढे वर्ष दिसतं. तो ‘पी’ रेकॉर्डिंगचा, वर्तुळातला ‘सी’ मुखपृष्ठाचा आणि मजकुराचा. पण जुन्या गाण्यांवर तिथे अनेकदा रिमास्टर किंवा डिजिटल पुनःप्रकाशनाचं वर्ष छापलेलं असतं. मुदत त्यावरून मोजू नका. मूळ तबकडीचं लेबल, कंपनीची जुनी सूची किंवा चित्रपटाचं प्रदर्शनवर्ष शोधा.

शास्त्रीय गाणाऱ्यांना वाटतं की हे सगळं सुगम संगीताचं दुखणं आहे. तसं नाही. राग कुणाच्या मालकीचा नसतो, पण बंदिश, म्हणजे रागात बांधलेली रचना, असू शकते. परंपरेने आलेल्या, भातखंडे यांनी क्रमिक पुस्तकांत नोंदवलेल्या जुन्या चिजा मुक्त आहेत. भातखंडे स्वतः 1936 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या रचनाही. परंतु उस्ताद अमीर खाँ 1974 मध्ये गेले, म्हणून ‘सुररंग’ नावाने त्यांनी बांधलेल्या बंदिशींची मुदत 2034 अखेरपर्यंत जाते. देवासच्या कुमार गंधर्वांचं निधन 1992 चं, त्यांच्या स्वतःच्या बंदिशी 2052 अखेरपर्यंत. इंदूर-देवासच्या मैफलींत या चिजा घरच्यासारख्या गायल्या जातात, त्यामुळे त्यांना मालक आहे हे विसरायला होतं. रेकॉर्ड करून प्रकाशित करणार असाल, तर वारसांना किंवा ज्यांच्याशी करार झाला आहे त्यांना विचारा आणि श्रेयात रचनाकाराचं नाव लिहा. ‘पारंपरिक’ असं टाकणं ही सोय नाही, ती चुकीची नोंद आहे.

पैसा दोन नळांतून येतो

स्ट्रीमिंगमध्ये एका वाजण्याला ठरलेला दर नसतो. सभासदत्व आणि जाहिरातींतून महिन्याला जमलेल्या पैशांपैकी अ‍ॅप आपला भाग ठेवतं आणि उरलेली रक्कम त्या देशातल्या एकूण वाजण्यांत तुमचा हिस्सा किती, या प्रमाणात वाटली जाते. वाटप मात्र दोन नळांतून होतं. मोठा नळ रेकॉर्डिंगचा: अ‍ॅपकडून कंपनीला किंवा डिस्ट्रिब्युटरला (कलाकाराचं गाणं अ‍ॅपवर पोहोचवणारी सेवा), तिथून कलाकाराला. लहान नळ शब्द-चालीचा: अ‍ॅपकडून आयपीआरएस या संस्थेला किंवा प्रकाशकाला, तिथून कवी आणि संगीतकाराला. आयपीआरएस 1969 पासून आहे आणि 2017 मध्ये तिची कॉपीराइट सोसायटी (हक्कदारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) म्हणून पुन्हा नोंदणी झाली.

स्वतः लिहून, चाल लावून, गाऊन गाणं काढणाऱ्यांचं नुकसान होतं ते बहुतेक दुसऱ्या नळावर. डिस्ट्रिब्युटरकडे फाइल दिली की पहिला नळ सुरू होतो. दुसरा तुम्ही स्वतः उघडल्याशिवाय उघडत नाही. त्यासाठी आयपीआरएसचं सभासदत्व घ्यावं लागतं (पॅन, बँकेचा तपशील, प्रकाशित गाण्यांची यादी) आणि मग प्रत्येक गाणं वेगळं नोंदवावं लागतं, कवी आणि संगीतकाराच्या वाट्यासह. सभासद झालात पण गाणी नोंदवली नाहीत, तर पैसे जुळणार कशाशी? दिवंगत कवी-संगीतकारांच्या वारसांनाही सभासद होता येतं. इंदुरात ज्यांच्या आजोबांची गीतं रेकॉर्ड झाली, अशा घरांनी हे जरूर करावं.

दोन नळांचे क्रमांकही दोन. रेकॉर्डिंगचा आयएसआरसी, 12 अक्षरांचा: देशाची 2, नोंदणीकर्त्याची 3, वर्षाचे 2 अंक, शेवटचे 5 अंक त्या रेकॉर्डिंगचे. गाण्याचा आयएसडब्ल्यूसी, जो ‘टी’ने सुरू होतो आणि रचना नोंदवल्यावर सोसायटीच्या यंत्रणेतून मिळतो. एकच बंदिश पाच जणांनी रेकॉर्ड केली, तर आयएसआरसी पाच, आयएसडब्ल्यूसी एकच. डिस्ट्रिब्युटर बदलताना जुना आयएसआरसी सोबत न्या. अनेकजण नवा घेतात आणि आधीची वाजण्याची संख्या शून्यावर येते. उलट नवं मिक्स केलं, लाइव्ह आवृत्ती काढली, तर नवा क्रमांक घ्यायलाच हवा.

2024 पासून स्पॉटिफायवर मागच्या 12 महिन्यांत 1,000 पेक्षा कमी वेळा वाजलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही, आणि वाजणं मोजलं जातं ते 30 सेकंदांनंतर. छोट्या गावच्या, छोट्या भाषेच्या कलाकाराला हा नियम जाचक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी पैसे देऊन वाजणी विकत घेऊ नका. बनावट वाजणी पकडली गेली की गाणं उतरवलं जातं आणि दंडाचा भुर्दंड डिस्ट्रिब्युटर तुमच्याकडे वळवतो.

2012 च्या दुरुस्तीनंतर कवी आणि संगीतकार रॉयल्टीतला आपला बरोबरीचा वाटा कंपनीला लिहून देऊ शकत नाहीत. तो सोडता येतो फक्त वारसांना किंवा सोसायटीला. करारात ‘सर्व रॉयल्टी कायमची कंपनीची’ असं कलम दिसलं, तरी हा वाटा जात नाही. सही करण्यापूर्वी हे माहीत असू द्या. गायक-वादकांचा हक्क त्याहून वेगळा, त्यांच्यासाठी इसम्रा ही संस्था आहे.

मंचावर आणि कव्हरमध्ये

फरक कळण्यासाठी मंच उत्तम जागा. रवींद्र नाट्यगृहात तिकीट लावून गायक-वादक प्रत्यक्ष गाणी सादर करतात, तेव्हा परवानगी लागते ती शब्द-चालीची. मध्यंतरात स्पीकरवर रेकॉर्डेड गाणी लावली, की रेकॉर्डिंगचीही. कराओके असेल, तर शब्द-चाल आणि तो ट्रॅक. लग्नसमारंभ आणि खऱ्या धार्मिक विधींना कायद्यात सूट आहे. ती त्या समारंभापुरती समजा. तोच कार्यक्रम फेसबुकवर लाइव्ह गेला की आवाज बंद होतो, ही तक्रार म्हणूनच येते.

दुसऱ्याचं गाणं पुन्हा रेकॉर्ड करायचं, तर 2012 पूर्वी सोपं होतं: दोन वर्षं उलटली, सूचना दिली, रॉयल्टी भरली, की कव्हर काढता येई. कॅसेटच्या काळात कव्हर आवृत्त्यांचा पूर आला तो या वाटेने. आता कलम 31सी आहे. मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पूर्ण 5 वर्षं थांबायचं, आधी सूचना द्यायची, वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची, माध्यम तेच ठेवायचं आणि शब्द-चालीत मनाने बदल करायचा नाही. एकट्या गायकाला हे झेपणारं नाही. त्याने मालकाकडून थेट लेखी परवानगी घ्यावी. परदेशी डिस्ट्रिब्युटरच्या अर्जावर ‘कव्हर लायसन्स’ची खूण केली की भारतातलं काम झालं असं समजू नका, ती सोय मुख्यतः अमेरिकेतल्या कायद्यासाठी असते.

उचलेगिरी कुठल्या हक्काची?

अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं कुलूपबंद असतं, सभासदत्व संपलं की वाजत नाही आणि वाजल्याची नोंद मालकाच्या खात्यात जाते. यूट्यूबवरून ओढून काढलेल्या एमपी3 मध्ये ना क्रमांक, ना श्रेय, ना नोंद. दोन्ही नळ कोरडे. त्याहून वाईट म्हणजे अशी ओढलेली फाइल कुणीतरी स्वतःच्या नावाने डिस्ट्रिब्युटरकडून चढवतो, त्याला आधी कंटेंट आयडी, म्हणजे जुळणारा आवाज आपोआप ओळखून क्लेम लावणारी यूट्यूबची नोंद, मिळते आणि क्लेम मूळ गायकावरच येतो.

बचाव सोपा आहे, पण क्रम पाळावा लागतो. आधी डिस्ट्रिब्युटरकडे 44.1 किलोहर्ट्झची डब्ल्यूएव्ही फाइल द्या, आयएसआरसी घ्या, मगच व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर गाणं फिरवा. वेगवेगळ्या ट्रॅकसह मूळ प्रोजेक्ट, स्टुडिओची पावती आणि तारखा असलेले ईमेल जपून ठेवा. मागे अ‍ॅपचा तानपुरा किंवा लेहरा (तबल्यासाठी फिरत राहणारी धून) असेल, तर कंटेंट आयडीवर खूण करू नका. तोच आवाज हजारो जणांच्या फाइलमध्ये असतो आणि तुमच्या नावाने निरपराध विद्यार्थ्यांवर क्लेम जातात.

तक्रार करताना कोणता हक्क मोडला ते नेमकं लिहा. तुमची ऑडिओ फाइलच उचलली असेल, तर रेकॉर्डिंग आणि रचना दोन्ही. कुणी तुमची चाल स्वतःच्या आवाजात गायली असेल, तर फक्त रचना. तिथे डब्ल्यूएव्ही फाइल दाखवून उपयोग नाही, चाल तुमची आहे याचा पुरावा हवा: नोटेशन, नोंदणी, पहिल्या सादरीकरणाची तारीख. लेखी नोटीस मिळाल्यावर संकेतस्थळाने 36 तासांत पोहोच बंद करायची असते, पण 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर ते पुन्हा खुलं करू शकतं. यूट्यूबवर क्लेम आणि स्ट्राइकही वेगळे: क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे वळतात, स्ट्राइक म्हणजे चॅनेलला मिळालेली ताकीद, 90 दिवसांत तशा तीन झाल्या तर चॅनेल जातं. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड, असं कलम 63 सांगतं.

राहिल्या घराघरांतल्या कपाटातल्या मैफलींच्या कॅसेटी. टेपरेकॉर्डर लावणारा त्या रेकॉर्डिंगचा मालक असू शकतो, पण गाणाऱ्याचा कलावंत म्हणून हक्क सादरीकरणानंतर 50 वर्षं चालतो आणि बंदिशीचा त्याहून निराळा. आकाशवाणीवरून टेप केलेलं असेल, तर ते रेकॉर्डिंग तुमचं नाहीच. आधी टेप डिजिटल करून घ्या. बुरशी आणि चिकटलेली फीत परवानगीची वाट पाहत नाही. फाइलच्या नावात गायक, साथीदार, राग, बंदिश, जागा आणि तारीख लिहा. ऑनलाइन चढवण्याचा विचार गायकाच्या घरच्यांशी बोलून, त्यांचा होकार लेखी घेऊन मगच.