एका दुधाच्या तीन सरासऱ्या

संगणकाने काढलेला आकडा चुकीचा असूच शकत नाही, हा समज फार खोल रुजलेला आहे. बेरीज-भागाकारात संगणक सहसा चुकत नाही, हे खरं. पण बेरीज कशाची करायची आणि भागायचं कशाने, हे त्याला आपणच सांगतो, आणि गडबड तिथेच होते.

समजा, एका दूध संकलन केंद्रावर सकाळच्या सत्रात सहा नोंदी झाल्या. गायीचं दूध २० लिटर, फॅट ३.५, १० लिटर, फॅट ४.०, आणखी १० लिटर, फॅट ३.९. म्हशीचं दूध ४ लिटर, फॅट ७.०, ६ लिटर, फॅट ६.५, आणि शेवटचं २ लिटर, पण त्याचं फॅट मोजायच्या आत वीज गेली, म्हणून तो रकाना रिकामा राहिला. आता सांगा, केंद्राच्या दुधाचं सरासरी फॅट किती?

पाच मोजण्यांची बेरीज करून पाचाने भागलं तर ४.९८ येतं. आधी गायीची सरासरी काढली (३.८०), मग म्हशीची (६.७५), आणि या दोहोंची सरासरी घेतली तर ५.२८. प्रत्येक नोंदीचे लिटर आणि फॅट यांचा गुणाकार करून त्यांची बेरीज केली आणि फॅट मोजलेल्या एकूण ५० लिटरने भागलं तर ४.३२. आकडे तेच, गणित तिन्ही वेळा अचूक, उत्तरं मात्र तीन. हे ५० लिटर दूध टँकरमध्ये एकत्र केल्यावर जे फॅट लागेल ते ४.३२ आहे. दूध व्यवसायात ‘किलो फॅट’ मोजतात ते याचसाठी: २० लिटरचा कॅन आणि ४ लिटरची किटली यांना सारखं मत देता येत नाही.

डेटाबेसमध्ये, म्हणजे माहिती साठवणाऱ्या प्रणालीत, नोंदींचे गट पाडून असा हिशोब करण्याचं काम ‘ग्रुप बाय’ नावाचं कलम करतं. १९७० मध्ये आयबीएम या संगणक कंपनीतल्या एडगर कॉड यांनी सगळी माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली. तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. गायीचं किती लिटर आणि म्हशीचं किती, हा प्रश्न त्या भाषेत, देवनागरीत लिहिला, तर असा दिसेल:

सिलेक्ट जनावर, सम(लिटर) फ्रॉम संकलन ग्रुप बाय जनावर;

म्हणजे संकलनाच्या तक्त्यातल्या ओळींचे जनावरानुसार ढीग करा आणि प्रत्येक ढिगातल्या लिटरची बेरीज (‘सम’) करून एकच ओळ द्या. उत्तर: गाय ४०, म्हैस १२. सहा ओळी आत गेल्या, दोन बाहेर आल्या. म्हणूनच या प्रश्नात उत्पादकाचं नाव मागता येत नाही. गायीच्या ढिगात तीन उत्पादक असतील, तर एका ओळीत कोणाचं नाव छापायचं? पोस्टग्रेस हा डेटाबेस इथे सरळ चूक दाखवतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्या ढिगातलं कुठलंही एक नाव गुपचूप देत असत, ५.७ पासून तोही मूळ मांडणीत नकार देतो. नव्याने शिकणारे या नकारावर वैतागतात, पण तो नकार त्यांच्या भल्याचा आहे.

प्रश्न लिहिण्याचा क्रम आणि त्याचा अर्थ लावण्याचा क्रम वेगळा असतो. ‘सिलेक्ट’ आपण आधी लिहितो, पण त्याचा विचार जवळजवळ शेवटी होतो. आधी तक्ता घ्यायचा, मग ‘व्हेअर’ने ओळी गाळायच्या, मग ढीग करायचे, मग ‘हॅविंग’ने ढीग गाळायचे. ‘५ लिटरपेक्षा कमी दूध सोडा’ ही अट व्हेअरमध्ये घातली तर किटल्या गळतात; हॅविंगमध्ये बेरजेवर घातली तर ज्यांचं एकूण दूध कमी भरतं ते ढीग गळतात.

आता त्या रिकाम्या रकान्याकडे येऊ. डेटाबेसमध्ये रिकामं म्हणजे शून्य नव्हे, ‘माहीत नाही’. त्याला ‘नल’ म्हणतात. मोजणी करणाऱ्या ‘काउंट’च्या कंसात तारा (*) टाकला तर ओळी मोजल्या जातात: म्हशीच्या तीन. कंसात फॅट लिहिलं तर भरलेले रकाने मोजले जातात: दोन. सरासरीसुद्धा नल वगळूनच निघते, म्हणून ती ६.७५ आली. इथवर ठीक. पण लिटरच्या वजनाने सरासरी काढताना बहुतेकजण ‘सम(लिटर गुणिले फॅट) भागिले सम(लिटर)’ असं लिहितात. वरच्या बेरजेतून ती ओळ गळते, कारण २ गुणिले ‘माहीत नाही’ म्हणजे ‘माहीत नाही’च. खालच्या बेरजेत मात्र ते २ लिटर राहतात. मग म्हशीचं फॅट ६.७ ऐवजी ६७ भागिले १२, म्हणजे ५.५८ दिसतं. कोणी पाणी घातलेलं नाही, आणि तरी पाणी घातल्यासारखा आकडा! ‘फॅट नल नसावं’ ही अट व्हेअरमध्ये घालणं हा यावरचा साधा उपाय. शिवाय एकही ओळ हाती लागली नाही तर काउंट शून्य देतो, पण सम नल देतो, हेही ध्यानात ठेवावं.

आता खरी गंमत: यंत्र हे ढीग करतं कसं?

१८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी माणशी एक भोकांचं कार्ड वापरलं. कार्डावर सुया दाबल्या की जिथे भोक असेल तिथली सुई खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडायची, विजेचं मंडल पूर्ण व्हायचं आणि त्या गटाच्या तबकडीचा काटा एक घर पुढे सरकायचा. शेजारच्या पेटीतला योग्य कप्पा उघडायचा आणि कार्ड त्यात टाकलं जायचं. याच हॉलरिथ यांची कंपनी पुढे आयबीएममध्ये सामावली.

आजचा डेटाबेस दोन रीतींनी हे काम करतो. पहिली रीत वर्गवारीने रचण्याची: सगळ्या ओळी जनावरानुसार क्रमाने लावायच्या आणि वरून खाली चालत जायचं, नाव बदललं की एक गट संपला. दुसरी रीत हॉलरिथच्या तबकड्यांसारखी: ओळी आहेत तशा वाचायच्या, नावावरून कप्पा ठरवायचा आणि कप्प्यातला आकडा वाढवायचा. याला हॅश पद्धत म्हणतात. तिला ओळींइतकी जागा लागत नाही, गटांइतकीच लागते. दहा कोटी नोंदी असल्या तरी जनावरं दोनच, म्हणून कप्पेही दोनच. पण गट उत्पादकानुसार, दिवसानुसार आणि सत्रानुसार पाडले की कप्पे लाखोंनी होतात आणि स्मृती अपुरी पडते. पोस्टग्रेसमध्ये या कामाची मूळ मर्यादा आधी ४ मेगाबाइट होती, १५ व्या आवृत्तीपासून ८ आहे. १३ व्या आवृत्तीपासून जास्तीचे कप्पे तो डिस्कवर उतरवतो. प्रश्नाच्या आधी ‘एक्स्प्लेन’ लिहिलं की कोणती रीत निवडली ते दिसतं.

कप्प्यात काय ठेवायचं, हा मला या विषयातला सगळ्यात सुंदर प्रश्न वाटतो. बेरजेसाठी एक आकडा पुरतो. सरासरीसाठी कप्प्यात सरासरी ठेवून चालत नाही. बेरीज आणि संख्या अशी जोडी लागते. का, ते वर दिसलंच: ३.८० आणि ६.७५ या आकड्यांवरून पाच मोजण्यांची सरासरी कधीच परत मिळणार नाही, कारण एक आकडा तीन मोजण्यांचा आहे आणि दुसरा दोनच मोजण्यांचा, ही खूण पुसली गेली. पण (११.४, ३) आणि (१३.५, २) या जोड्या ठेवल्या तर बेरीज (२४.९, ५) आणि सरासरी ४.९८ लगेच निघते. माहिती शंभर यंत्रांवर विखुरलेली असली तरी प्रत्येकाने दोन आकडे पाठवले की काम झालं.

जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याची नेटकी विभागणी केली. बेरीज, मोजणी, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा हे सारांश थेट जोडता येतात. सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) यांसाठी दोन-तीन आकड्यांचा ठरलेला संच लागतो. तिसरा वर्ग हट्टी आहे. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, दोन गटांच्या मध्यकांवरून काढता येत नाही. त्यासाठी सगळे आकडे हाताशी लागतात. ‘वेगवेगळे उत्पादक किती’ हा प्रश्नही याच जातीचा. सकाळी ८० आले, संध्याकाळी ७० आले, तर दिवसाचे ८० ते १५० यांपैकी काहीही असू शकतील.

या हट्टी प्रश्नावर फिलिप फ्लाजोले आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हायपरलॉगलॉग ही युक्ती दिली. प्रत्येक नावाचं शून्य-एकच्या विस्कटलेल्या माळेत रूपांतर करायचं. माळेच्या सुरुवातीला सलग दहा शून्यं येण्याची शक्यता १०२४ मध्ये १. म्हणून आतापर्यंतची सर्वांत लांब शून्यमाळ दहाची असेल, तर वेगवेगळी नावं हजाराच्या आसपास असावीत. एकच नाव हजारदा आलं तरी त्याची माळ तीच, त्यामुळे पुनरावृत्तीने काही बिघडत नाही. एका माळेचा अंदाज फार डळमळीत असतो, म्हणून माळेच्या काही अंकांवरून नावं शेकडो-हजारो खणांत वाटतात आणि खणांच्या नोंदींची हरात्मक सरासरी (एखाद्या फार मोठ्या आकड्याने न झुकणारी) घेतात. सुमारे दीड किलोबाइटमध्ये अब्जावधी नावांची मोजणी साधारण २ टक्क्यांच्या फरकाने मिळते. आणि सकाळ-संध्याकाळ जोडायची असेल तर प्रत्येक खणात दोहोंतला मोठा आकडा ठेवायचा. हट्टी प्रश्न पहिल्या वर्गात येऊन बसला!

गटाचं नावच फसवं असलं तर यातलं काहीही उपयोगी पडत नाही. मराठी माहितीत हे वारंवार घडतं. ‘कऱ्हाड’ हा शब्द ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण वापरून ‘कर्‍हाड’ असाही. डोळ्यांना दोन्ही सारखे, बाइटमध्ये वेगळे. युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकाचं नेहमीचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. त्यात कोणी ‘कराड’ लिहिलं की एका गावाचे तीन गट. नोंद घेतानाच एक रूप ठरवून बदल करावा, किंवा गट नावाऐवजी गावाच्या सांकेतांकावर पाडावेत. वेळेचंही तसंच. सर्व्हर जागतिक वेळेवर चालत असेल आणि गट त्याच्या तारखेने पाडले, तर तारीख भारतात पहाटे साडेपाचला बदलते. सव्वापाचला घातलेलं दूध कालच्या खात्यात जातं.

तक्ते जोडताना बेरीज फुगते, हा आणखी एक नेहमीचा घोटाळा. संकलनाला उचलीचा (आगाऊ घेतलेल्या पैशांचा) तक्ता जोडला आणि एका उत्पादकाने दोनदा उचल घेतलेली असली, तर त्याची दुधाची प्रत्येक ओळ दोनदा येते. यावर ‘सम(डिस्टिंक्ट लिटर)’, म्हणजे सारखा आकडा एकदाच धरून बेरीज, हा उपाय सुचवला जातो, आणि तो चूक आहे: आपल्या उदाहरणात गायीच्या १०-१० लिटरच्या दोन नोंदींपैकी एक त्यात गायब होईल. दोन्ही तक्त्यांची बेरीज आधी उत्पादकानुसार वेगवेगळी करावी आणि मगच जोडावं.

गट पाडून पहिला क्रमांक शोधणाऱ्या बातम्यांपासूनही सावध राहायला हवं. अपघातांचे राशीनुसार बारा गट पाडले, तर कुठली तरी रास पहिली येणारच. नाणेफेकीचे निकाल राशींना वाटून दिले तरी येईल. त्यात ग्रहांचा संबंध नाही. गट जितका लहान, तितका तो टोकाला जातो. दहा नाणेफेकींत सात किंवा जास्त छापे येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के आहे. हजारांत सातशे येणं जवळपास अशक्य. म्हणून क्रमवारी लावताना हॅविंगमध्ये किमान नोंदींची अट असावी आणि प्रत्येक सरासरीशेजारी तिची संख्या छापावी.

गट कोणत्या रकान्यावर पाडले, यावर उत्तर उलटंही होतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांचं विश्लेषण १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं. सर्वांत मोठ्या सहा विभागांत २,६९१ पुरुषांपैकी सुमारे ४५ टक्के आणि १,८३५ स्त्रियांपैकी ३० टक्के यांना प्रवेश मिळाला होता. उघड पक्षपात वाटतो. पण त्याच ओळींचे गट विभागानुसार पाडले, तर सहापैकी चार विभागांत स्त्रियांचं प्रमाण जास्त निघतं. पहिल्यात तर पुरुष ६२ आणि स्त्रिया ८२ टक्के. सहज प्रवेश देणाऱ्या पहिल्या दोन विभागांत १,३८५ पुरुषांनी अर्ज केले होते आणि फक्त १३३ स्त्रियांनी. बहुतेक स्त्रियांचे अर्ज जिथे सर्वांनाच प्रवेश अवघड होता अशा विभागांत होते.

दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी पाहायची सोय एसक्यूएलमध्ये आहे. ग्रुप बायमध्ये ‘रोलअप(लिंग, विभाग)’ लिहिलं की विभागवार ओळी, प्रत्येक लिंगाची एकूण ओळ आणि सगळ्यांची एकूण ओळ एकाच प्रश्नात मिळते. एकूण ओळीत विभागाच्या जागी नल दिसतो. मूळ माहितीतही विभागाचा रकाना काही ठिकाणी रिकामा असेल तर हे दोन नल एकसारखेच दिसतात. ‘ग्रुपिंग(विभाग)’ हा जास्तीचा रकाना मागितला की एकूण ओळीत १ आणि खऱ्या रिकाम्या गटात ० येतो.