जागा शोधणारी गाडी

लक्ष्मी रस्त्यावर कुणी हातात किल्ली घेऊन आपल्या गाडीकडे निघालं, की मागच्या गाडीची काच खाली होते आणि प्रश्न येतो, "निघताय का?" "नाही हो, पिशव्या ठेवायला आलोय," म्हटलं की विचारणारा पुढे सरकतो. रस्ता एकेरी, त्यामुळे मागची जागा सुटली तरी तिथे पोचायला गल्लीबोळांतून पूर्ण वळसा. आपण नशिबाला बोल लावतो. पण हा शोध किती लांबणार, हे बरंचसं रस्त्यानेच ठरवलेलं असतं.

साधं गणित बघा. १०० पैकी ८५ जागा भरलेल्या असतील आणि मोकळ्या जागा कुठेही विखुरलेल्या असतील, तर सरासरी सहा-सात जागा तपासल्या की एक मिळते. ९५ भरल्या, तर २० तपासाव्या लागतात. ९९ भरल्या, तर १००! शेवटच्या चार गाड्यांनी शोध पाचपट केला.

लॉस एंजेलिसमधल्या वेस्टवुड व्हिलेज या बाजारपेठेत नगर-नियोजनाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी हा शोध मोजला. त्यासाठी त्यांचे विद्यार्थी सायकलवर निघाले. कारण मजेदार आहे: जागा शोधणारा चालक दुसऱ्या शोधणाऱ्याच्या मागे राहायचं टाळतो, म्हणून मोजणीची गाडीच त्याचा मार्ग बदलून टाकेल. शिवाय तिथे गाड्या इतक्या सावकाश चालतात, की सायकल सहज बरोबर राहते. सरासरी शोध निघाला ३.३ मिनिटांचा, सुमारे ८०० मीटरचा. एका गाडीपुरतं हे क्षुल्लक वाटतं. पण तिथल्या ४७० जागांवर दिवसाला प्रत्येकी १७ गाड्या लागायच्या. वर्षाचा हिशोब झाला सुमारे १५ लाख किलोमीटर, म्हणजे चंद्रापर्यंतच्या चार खेपा!

मुळाशी होता दर. रस्त्याकडेची जागा वाहनतळापेक्षा स्वस्त, म्हणून तळात जागा असूनही लोक बाहेर घिरट्या घालत. आपल्याकडेही चर्चा बहुतेक वेळा 'आणखी पार्किंग बांधा' इथेच थांबते. रस्त्याकडेच्या दराचा विषय क्वचितच कुणी काढतं, हे मला फार खटकतं.

सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून हा विषय काढला. प्रत्येक रस्त्याच्या तुकड्याला वेगळा दर, तोही सकाळी, दुपारी, संध्याकाळी निरनिराळा. ८० टक्क्यांहून जास्त जागा भरत असतील तर तासाला २५ सेंट वाढवायचे, ६० टक्क्यांखाली गेल्या तर दर उतरवायचा. त्यामुळे काही रस्ते महागले, तर कोपऱ्यापलीकडचे काही स्वस्तही झाले.