गाड्या घेऊन पठारावर मुक्कामाला जायचंय? परवानगी कुणाची, पात्रता काय, कागद कोणते

दिवाळी झाली, उसाला तोड सुरू झाली, पहाटे गारठा जाणवायला लागला की कोल्हापुरातल्या थार, जिम्नी आणि जुन्या जिप्सीवाल्यांच्या ग्रुपवर बेत शिजायला लागतात. चार-पाच गाड्या, पंधरा-वीस माणसं, कच्च्या वाटेनं वर चढायचं, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तंबू ठोकायचे, रात्री तांबडा-पांढरा. बेत झकास असतो, पण परवानगीचा विषय निघाला की "तिथं कोण विचारतंय?" यावर तो मिटतो. आता विचारलं जातं, आणि विचारलं पाहिजे असंच माझं मत आहे. म्हणून हे सगळं सविस्तर.

अशा मुक्कामासाठी एकच ठरलेला फॉर्म आणि एकच खिडकी नाही. कुणाकडे जायचं हे जमीन कुणाची आहे त्यावर ठरतं. तेव्हा गाडी, तंबू, मेनू या सगळ्याच्या आधी जागेचा गट नंबर शोधा.

आधी जमीन ओळखा

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीपासून खाली भुदरगड, आजरा, चंदगडपर्यंत जिथं जिथं मोकळं माळरान दिसतं, तिथं शेजारशेजारच्या दोन तुकड्यांचे मालक वेगळे असू शकतात. एक शेतकऱ्याचा, दुसरा गायरान, तिसरा वन विभागाचा. डोळ्यांना सगळा सडा सारखाच दिसतो. महाभूनकाशा या सरकारी नकाशांच्या संकेतस्थळावर गाव निवडून गट नंबर काढा आणि त्या गटाचा डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी पोर्टलवरून उतरवून घ्या. त्याला 15 रुपये लागतात. एवढ्या पैशात पुढची निम्मी धावपळ वाचते.

सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा आणि "इतर हक्क" हा रकाना अजिबात सोडू नका. मालक म्हणून शेतकऱ्याचं नाव असतं, पण इतर हक्कात वनाचा शेरा असतो, असंही घडतं. 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्यानं अशा बऱ्याच जमिनी शासनाकडे गेल्या आहेत. शेरा दिसला तर गावकामगार तलाठ्याला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

जमीन अभयारण्यातली असेल तर नियम सगळ्यात कडक. राधानगरी अभयारण्य 1958 सालचं, गव्यांचं म्हणून ओळखलं जाणारं आणि महाराष्ट्रातलं पहिलं. 2012 पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीतही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 27 नुसार इथं परवान्याशिवाय प्रवेशच नाही. कलम 28 मध्ये अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन अशा कारणांसाठी परवाना मिळतो. याचा सरळ अर्थ असा, की दाजीपूरच्या गेटवर रीतसर शुल्क भरून, ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या रस्त्यानं, वाटाड्या सोबत घेऊन तुम्ही सावराई सड्यापर्यंतची सफर करू शकता. स्वतःच्या मर्जीनं रस्ता सोडून चाक खाली घालणं आणि वाटेल तिथं तंबू ठोकणं त्या परवान्यात बसत नाही. मुक्काम वन विभागानं ठरवून दिलेल्या निवासातच. पावसाळ्यात सफर बंद असते, बुकिंग करण्याआधी ते विचारून घ्या. 2022 च्या दुरुस्तीनंतर या कायद्याखालचा सर्वसाधारण दंड एक लाख रुपयांपर्यंत गेला आहे, तीन वर्षांपर्यंतची कैद आधीपासूनच आहे. गुन्ह्यात वापरलेली गाडीही जप्त होते. चांदोलीच्या बाजूला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तिथं तर याहून बारकाईनं बघतात.

दुसरा प्रकार संवर्धन राखीव क्षेत्राचा, आणि कोल्हापूरकरांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही क्षेत्रं 2021 मध्ये संवर्धन राखीव झाली. 2022 मध्ये मसाई पठाराचं 5.34 चौरस किलोमीटर क्षेत्रही त्यात आलं. "अभयारण्य नाही ना, मग चालतंय" असं म्हणणाऱ्यांनी कायद्याचं कलम 36-अ वाचावं. अभयारण्यातला प्रवेश परवान्याचा नियम इथं जसाच्या तसा लागू नाही हे खरं. पण वन्यप्राण्यांना त्रास देणं, कचरा टाकणं, आग लावणं, स्फोटक किंवा रासायनिक पदार्थ वापरणं यावरची बंदी इथंही आहे. शिवाय तीच जमीन राखीव वन असेल तर भारतीय वन अधिनियम 1927 चं कलम 26 वेगळं लागतं. त्यात विनापरवाना घुसणं आणि आग पेटवणं दोन्ही गुन्हे आहेत.

गडावर मुक्काम हा विषय तर काढूच नका. पन्हाळा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला आहे. संरक्षित वास्तूत चूल मांडायला आणि रात्र काढायला परवानगी नसते.

उरते ती मालकीची शेतजमीन आणि गावचं गायरान. ग्रुपनं गाड्या घेऊन मुक्काम करायचा तर खरा मार्ग मालकीच्या जमिनीतून जातो. पठाराच्या कडेला वाडी असते, वाडीच्या वर कुणाचं तरी नाचणी-भाताचं रान असतं, सुगी झाली की ते मोकळं पडतं. तिथं गाड्या लावाव्यात, तंबू टाकावेत आणि सड्यावर पायी जावं.

सड्यावर चाक का नको

हा नियमांचा भाग नाही, पण हे कळल्याशिवाय नियम जाचक वाटतात. मसाईसारखं पठार म्हणजे जांभ्याचा सलग कातळ आणि त्यावर कुठं चार बोटं, कुठं वीतभर माती. पावसात त्या मातीत गेंद, तेरडा, सीतेची आसवं उगवतात, दवबिंदूसारख्या कीटक खाणाऱ्या वनस्पतीही असतात. नोव्हेंबरनंतर सगळं वाळून जातं आणि पठार रिकामं दिसतं. "आता फुलं नाहीत, गाडी नेली तर काय बिघडलं?" हा प्रश्न मग हमखास येतो. बिघडतं ते असं, की पुढच्या वर्षीचं बी आणि कंद त्याच पातळ थरात झोपलेले असतात. दीड-दोन टनांची गाडी एकदा गरकन फिरली की माती दाबली जाते, बाजूला सरकते, चाकोरी पडते. पुढच्या पावसात पाणी त्याच चाकोरीतून धावतं आणि उरलीसुरली माती घेऊन जातं. उन्हाळ्यात टिटवी उघड्या रानातच अंडी घालते, ती गाडीतून दिसतही नाहीत. जनावरं चारायला येणाऱ्या धनगरवाड्यावरच्या माणसांना हे आपल्याआधी कळतं, कारण चारा कमी होतो तो त्यांचा.

म्हणून अर्जातच स्पष्ट लिहा: "वाहने अमुक वाडीपर्यंतच नेली जातील, पठारावर वाहन चालविले जाणार नाही." हे वाक्य असलेला अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याचा निम्मा संशय तिथंच जातो. ऑफ-रोडची हौस वाडीपर्यंतच्या पाणंदीत आणि दगडगोट्यांच्या गाडीवाटेत पुरेपूर भागते. वेगळी चढण किंवा चिखल हवा असेल तर जमीनमालकाच्या संमतीनं त्याच्याच रानात.

अर्ज कोण करू शकतं

अर्ज ग्रुपतर्फे एकानंच करावा. तो सज्ञान असावा, स्वतः सहलीत हजर राहणारा असावा आणि काही झालं तर जबाबदारी घेणारा असावा. अठराच्या आतलं कुणी असेल आणि पालक सोबत नसतील तर पालकांचं संमतीपत्र लावा. प्रत्येक गाडीच्या चालकाकडे पक्कं लायसन्स हवं, लर्निंगवर डोंगर चढायचा नाही.

आता महत्त्वाचा फरक. मित्रांनी डिझेल आणि जेवणाचा खर्च वाटून घेणं वेगळं, आणि पोस्टर टाकून माणशी दर लावून लोक नेणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तुम्ही आयोजक ठरता. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, आपल्यासाठी ती पुण्याच्या विभागीय कार्यालयातून होते. शिवाय पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेली तर परमिटचा भंग होतो. भाड्यानं वापर आणि शर्यत या दोन्ही गोष्टी खाजगी गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत वगळलेल्या असतात. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा हेच तपासते. पॉलिसीतलं "वापराच्या मर्यादा" हे कलम निघण्याआधी एकदा वाचा.

कागदपत्रं

फाईल जाड करायची गरज नाही, पण जे लावाल ते नीट लावा. सर्वांची एक यादी: नाव, वय, पत्ता, मोबाईल, रक्तगट, घरच्या माणसाचा नंबर. प्रत्येकाच्या ओळखपत्राची स्वसाक्षांकित प्रत. प्रत्येक गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि चालकाचं लायसन्स. रस्त्यात डिजिलॉकर किंवा एमपरिवाहनवरचं चालतं, पण फाईलमध्ये छापील प्रत द्या, कारण वर नेटवर्क नसतं. गाडीला कंपनीबाहेरचे मोठे टायर, उंची वाढवणारं किट किंवा पुढं बुलबार बसवला असेल तर आरटीओचे नियम आड येतात. बुलबारवर केंद्रानं 2017 मध्येच बंदीची सूचना काढली आहे.

जागेसाठी सातबारा आणि मालकाचं संमतीपत्र. सामाईक खातं असेल तर एका भावाची सही घेऊन निघू नका, सगळ्या खातेदारांच्या घ्या. गावाकडच्या भावकीत या एका सहीवरून रात्री अकराला तंबू उपटायची वेळ येऊ शकते. संमतीपत्रावर गट नंबर, तारखा, माणसं आणि गाड्यांची संख्या लिहा. त्यानंतर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. गायरानावर उतरायचं तर याशिवाय महसूल कार्यालयालाही विचारावं लागतं, कारण गायरान शासनाचं असतं. म्हणून शक्यतो ते टाळाच. सोबत एक हमीपत्र साध्या कागदावर: कचरा परत आणू, उघड्यावर शेकोटी करणार नाही, रात्री दहानंतर स्पीकर लावणार नाही, झाड तोडणार नाही.

अर्ज कुठं, कसा

वनहद्द लागून असेल तर अर्ज संबंधित वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावे. आपली जागा कुठल्या परिक्षेत्रात येते ते गावच्या वनरक्षकाला विचारा, तो अचूक सांगतो. राधानगरीसाठी मात्र वन्यजीव विभाग, प्रादेशिक वन विभाग नव्हे. तिथं चूक झाली तर अर्ज नुसता या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो.

मजकूर छोटा असावा: "आम्ही खालील सह्या करणारे कोल्हापूर येथील रहिवासी, दि. … ते … या काळात मौजे … येथील गट क्र. … या खाजगी जमिनीत मालकाच्या संमतीने तंबू मुक्काम करणार आहोत. सोबत … वाहने असून ती … वाडीपर्यंतच येतील. पठारावर दिवसा पायी फिरण्याचा मानस आहे. वनक्षेत्रातील कोणत्या वाटांवर जाता येईल याबाबत परवानगी व मार्गदर्शन मिळावे." शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवा. कुठल्या बाजूला गव्यांचा कळप उतरतोय, कुठं वणवा अडवण्यासाठी जाळरेषा काढायचं काम सुरू आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं.

अर्जाच्या दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. "ठेवून जा, बघतो" यावर समाधान मानू नका. तीन-चार आठवडे आधी अर्ज गेला तर विचारणा करायला वेळ राहतो. एक प्रत हद्दीतल्या पोलीस ठाण्यात माहितीसाठी द्या. ड्रोन उडवायचा असेल तर 2021 च्या ड्रोन नियमांची नोंदणी वेगळी आणि वनक्षेत्रावरची परवानगी आणखी वेगळी, ती या अर्जात धरली जात नाही.

तारीख निवडताना

नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारी हा काळ उत्तम. पावसात पाणंदी खचतात, गगनबावड्याकडं तर जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस. फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम सुरू होतो, तेव्हा परवानगी देताना वन विभाग हात आखडता घेतो आणि ते योग्यच आहे. वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरते. स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर, नांगरलेल्या किंवा सपाट मोकळ्या जागेत, शेजारी पाण्याचा कॅन भरलेला. रश्श्याची चव गॅसवर बिघडत नाही.

फाईलच्या पहिल्या पानावर हे नंबर मोठ्या अक्षरांत लिहा: आपत्कालीन 112, रुग्णवाहिका 108, वन विभाग 1926. सर्पदंश झाला तर गावठी उपायात वेळ न घालवता जवळच्या सरकारी रुग्णालयात, गरज पडली तर तिथून थेट कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात. एक गाडी रात्रभर वाडीच्या रस्त्याकडं तोंड करून, मोकळी उभी ठेवा आणि तिची किल्ली कुणाकडं आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या.

परतताना जागेचे फोटो काढा, कचऱ्याची पोती गाडीत आहेत ते मोजा आणि शहरात पोचल्यावर वनरक्षकाला व जमीनमालकाला फोन करून सगळे सुखरूप उतरल्याचं कळवा. शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा, पुढच्या वेळी अर्जासोबत तिची झेरॉक्स लावता येते.