टुंड्राच्या कार्बनचा हिशेब आणि त्यातून सुटलेला हिवाळा

टुंड्रा प्रदेश वातावरणातला कार्बन शोषून घेतो की उलट वातावरणात सोडतो, या प्रश्नाचे उत्तर गेल्या 50 वर्षांत अनेकदा बदलले आहे. हवामान तापत गेले, हे त्याचे एक कारण आहे. तितकेच मोठे दुसरे कारण असे की मोजणी कुठे करायची, किती खोलवर करायची आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत करायची, याविषयीची शास्त्रज्ञांची समजही या काळात बदलत गेली. आज जे आकडे बातम्यांमध्ये येतात ते नीट वाचायचे असतील, तर मोजणीचा हा इतिहास माहीत असणे आवश्यक आहे.

मुळातली प्रक्रिया समजायला अवघड नाही. वृक्षरेषेच्या उत्तरेला लव्हाळी, शेवाळ, दगडफूल आणि बुटकी झुडपे यांना वाढीसाठी जेमतेम दोन-तीन महिने मिळतात. त्या काळात ती प्रकाशसंश्लेषणातून कार्बन डायऑक्साइड घेतात. पण मेलेली पाने आणि मुळे थंड, पाणथळ जमिनीत फार हळू कुजतात. त्यामुळे दरवर्षी थोडा कार्बन शिल्लक पडतो, आणि ही शिल्लक हजारो वर्षे साचत आली आहे. उन्हाळ्यात वितळणाऱ्या वरच्या थराखाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे किमान सलग दोन वर्षे शून्य अंशांच्या वर न गेलेली जमीन असते. ती वितळली की सूक्ष्मजीव कामाला लागतात. जिथे हवा खेळती असते तिथे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जिथे पाणी साचते तिथे मिथेनही तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या मुदतीत वजनास वजन धरले तर मिथेनचा तापवण्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट भरतो.

पद्धतशीर मोजणीला सुरुवात झाली ती 1964 ते 1974 या काळात चाललेल्या आंतरराष्ट्रीय जीवशास्त्रीय कार्यक्रमामुळे. अलास्काच्या उत्तर टोकावरचे बॅरो, ज्याचे नाव 2016 पासून उत्किआग्विक आहे, हे त्यातले एक प्रमुख ठिकाण होते. 1971 च्या उन्हाळ्यात तिथे झालेल्या मोजमापांतून टुंड्रा कार्बन शोषतो असे दिसले आणि तेच पुढे बराच काळ गृहीत धरले गेले. तरीही शंका घेणारे होते. वनस्पतिशास्त्रज्ञ ड्वाइट बिलिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला टुंड्राच्या जमिनीचे अखंड गाभे, म्हणजे उभे कापून काढलेले तुकडे, प्रयोगशाळेत आणून त्यांतली पाण्याची पातळी खाली नेली. पाणी उतरताच कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वाढले. तापमानाइतकाच जमिनीचा ओलावा निर्णायक ठरू शकतो, ही जाणीव या प्रयोगांनी दिली. माझ्या मते या विषयातले ते सर्वांत दूरदर्शी काम होते.

1993 मध्ये वॉल्टर एकेल आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले की अलास्काच्या उत्तर उतारावरचा (आर्क्टिक महासागराकडे उतरत जाणाऱ्या प्रदेशातला) टुंड्रा शोषक राहिलेला नसून कार्बनचा स्रोत झाला आहे. या निष्कर्षाने खळबळ उडाली. मात्र त्याच गटाने 2000 मध्ये जास्त वर्षांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा चित्र पुन्हा गुंतागुंतीचे झाले: 1990 च्या दशकात हवा आणखी तापूनही उन्हाळ्यातले शोषण परत आलेले दिसत होते. परिसंस्था हळूहळू जुळवून घेते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. पण वर्षाचा एकंदर हिशेब हिवाळ्यातल्या उत्सर्जनामुळे तोट्याकडेच झुकत होता.

हिवाळा तोवर जवळजवळ वगळलेलाच होता. गोठलेल्या जमिनीत काही घडत नाही असे मानले जाई, आणि अंधारात, उणे 30 अंशांत उपकरणे चालवणेही दुष्कर होते. ईशान्य सायबेरियातल्या चेर्स्की येथून सर्गेई झिमोव्ह आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दाखवून दिले की बर्फाखालच्या जमिनीतून हिवाळ्यातही भरपूर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वरून गोठू लागलेल्या जमिनीचा मधला थर शून्य अंशांजवळ आठवडेच्या आठवडे रेंगाळतो आणि त्यात सूक्ष्मजीव जागेच असतात. ईशान्य ग्रीनलंडमधल्या झॅकेनबर्ग येथे तर 2008 साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींत, शरद ऋतूत जमीन गोठत असताना मिथेनचा मोठा लोट बाहेर पडलेला आढळला. जमीन वरून आणि खालून गोठत येते, तसा मधला वायू दाबाने वर ढकलला जातो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले. तोपर्यंत बहुतेक संशोधक ऑगस्टअखेर उपकरणे आवरून परतत असत.

उपकरणांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण काही चुका तिथूनच आल्या. पूर्वी जमिनीवर पारदर्शक पेटी ठेवून तिच्यातल्या हवेत वायू किती बदलतो हे पाहत. 1990 च्या दशकापासून ‘एडी कोव्हेरियन्स’ ही पद्धत रुळली. तीत मनोऱ्यावरचा ध्वनिलहरींचा वायुवेगमापक आणि अवरक्त किरणांवर चालणारा वायू-विश्लेषक सेकंदाला 10 ते 20 वेळा नोंद घेतात. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांत वायू किती आहे यावरून देवाणघेवाण काढली जाते. पण उघड्या रचनेचे विश्लेषक कडाक्याच्या थंडीत स्वतःच्या विजेने किंचित गरम होत, त्यांच्यामधली हवा विरळ होई आणि बर्फाखालची जमीन भर हिवाळ्यात कार्बन शोषत असल्याची अशक्य नोंद उमटे. 2008 च्या सुमारास ही त्रुटी सविस्तर मांडली गेली आणि दुरुस्तीच्या रीती पुढे आल्या. त्याआधीचे हिवाळी आकडे म्हणूनच जपून वापरावे लागतात.

दरम्यान जमिनीतल्या कार्बनच्या साठ्याचा अंदाजही बदलत होता. 1982 च्या एका बहुचर्चित जागतिक आकडेवारीत टुंड्राच्या मातीत सुमारे 192 अब्ज टन कार्बन धरला होता, पण ती मोजणी फक्त वरच्या एका मीटरची होती. गोठण्या-वितळण्याने जमीन घुसळली जाऊन सेंद्रिय द्रव्य खोल गाडले जाते. सायबेरियातल्या येडोमा या हिमयुगीन गाळात तर ते कित्येक मीटर खोलवर आढळते. हे सारे धरून, आणि केवळ टुंड्रा नव्हे तर उत्तरेचा संपूर्ण पर्माफ्रॉस्ट प्रदेश घेऊन, 2009 मध्ये 1,672 अब्ज टनांचा अंदाज आला. 2014 मध्ये तो सुमारे 1,300 अब्ज टनांवर आणला गेला. हा खालचा आकडासुद्धा आज वातावरणात असलेल्या कार्बनच्या जवळपास दीडपट आहे.

अलास्कातल्या टूलिक सरोवराजवळचे दीर्घकालीन प्रयोग या इतिहासात फार मोलाचे आहेत. तापलेल्या जमिनीत पोषकद्रव्ये मोकळी होतात, हे ध्यानात घेऊन तिथे 1981 पासून टुंड्राच्या वाफ्यांना नत्र आणि स्फुरद दिले गेले. वीस वर्षांनी जमिनीवरची वाढ दुप्पट झाली होती, तरीही दर चौरस मीटरमागे जवळपास 2,000 ग्रॅम कार्बन घटला होता, कारण खालच्या थरातून झालेली गळती वरच्या हिरवाईपेक्षा मोठी होती. मात्र त्याच परिसरात दोन दशके उबदार ठेवलेल्या वाफ्यांच्या मातीतला एकूण कार्बन 2013 च्या अहवालानुसार बदललेलाच नव्हता. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून पाहणे अस्वस्थ करते, पण एकाला झाकून दुसरा सांगणे योग्य होणार नाही.

जमीन वितळून किती काळ झाला, हा वेळेचा घटक स्पष्ट केला तो संशोधक टेड शूर यांच्या गटाने. अलास्कातल्या हीली येथे नुकती, मध्यम आणि दीर्घकाळ वितळलेली जमीन जवळजवळ सापडते. मध्यम वितळलेल्या जागी जोमाने वाढणाऱ्या वनस्पती गळती भरून काढत होत्या. दीर्घकाळ वितळलेल्या जागी मात्र तोटा होता, आणि किरणोत्सारी कार्बनच्या चाचणीने बाहेर पडणारा कार्बन पुरातन असल्याचे दाखवले.

2007 मध्ये अलास्कातल्या अनाकतुवुक नदीकाठी सुमारे 1,000 चौरस किलोमीटर टुंड्रा जळाला. त्या एका वणव्यात सुमारे 21 लाख टन कार्बन वातावरणात गेला, आणि कोणत्याही मनोऱ्याच्या वार्षिक हिशेबात तो बसणारा नव्हता. त्यानंतर वणव्यांकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

हिवाळ्याची उणीवही हळूहळू भरत आली. बॅरो येथील 1975 पासूनच्या नोंदींवरून 2017 मध्ये दिसले की ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातले उत्सर्जन सुमारे 73 टक्क्यांनी वाढले आहे. 2019 मध्ये स्यू नताली आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण पर्माफ्रॉस्ट प्रदेशासाठी ऑक्टोबर ते एप्रिलमधले उत्सर्जन वर्षाला सुमारे 166 कोटी टन कार्बन इतके काढले. संगणकी प्रारूपांनुसार वाढीच्या हंगामातले शोषण सुमारे 103 कोटी टनच होते. डिसेंबर 2024 च्या वार्षिक आर्क्टिक अहवालाने, वणवे धरले तर टुंड्रा आता कार्बनचा स्रोत झाला आहे, असे नमूद केले. 2025 च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टुंड्रा आणि त्याला लागून असलेली उत्तरेची वने मिळून 30 टक्क्यांहून अधिक क्षेत्र स्रोत ठरले, आणि वणव्यांसह हे प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत गेले.

या आकड्यांमागचे मोजणीचे जाळे मात्र असमान आहे. ते अलास्का आणि उत्तर युरोपात दाट, तर सायबेरियात विरळ आहे, आणि 2022 नंतर रशियातल्या केंद्रांशी होणारी माहितीची देवाणघेवाण मोठ्या प्रमाणात थांबली. अनेक मनोरे आजही फक्त उन्हाळ्यात चालतात, आणि बऱ्याच ठिकाणी कार्बन डायऑक्साइड मोजला जातो तरी मिथेन मोजला जात नाही.