गमबूट, चिखल आणि बेडूक

पहिला दमदार पाऊस झाला की येऊरला डबक्यांभोवती बेडूक जमतात आणि त्यांच्या मागोमाग टॉर्चवाले हौशीही. एका शनिवारी येऊर, पुढच्या शनिवारी थेट आंबोली, असे बेत ठाण्यात हल्ली सर्रास ठरतात. बूट मात्र तेच असतात.

‘कायट्रिड’ या बुरशीने जगभरात ५०१ उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० बहुधा नामशेष झाल्या, असा अंदाज २०१९ साली मांडला गेला. ही बुरशी बेडकाच्या कातडीतल्या केराटिनवर, म्हणजे आपली नखं-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनावर, वाढते. बेडूक पाणी आणि क्षार कातडीतून घेतो. कातडीचं काम बिघडलं की रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घसरतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांमध्ये (टॅडपोल) केराटिन फक्त तोंडाशी असतं, त्यामुळे ती सहसा जगतात, पण संसर्ग पाण्यात जिवंत ठेवतात. या बुरशीचे बीजाणू शेपटीने पोहतात आणि ओल्या वाळूत कित्येक आठवडे तग धरतात. बुटाच्या खाचांमध्ये अडकलेला चिखल त्यांना पुरेसा आहे.

ही बुरशी मुख्यतः बेडकांच्या व्यापारातून पसरली, संशोधकांच्या बुटांतून नव्हे, हे मान्य. तरी स्पेनच्या मायोर्का बेटावरचं उदाहरण बोचतं. तिथल्या दुर्मिळ बेडकांना वाचवण्यासाठी त्यांची बंदिस्त पैदास केली. तिथे त्यांना दक्षिण आफ्रिकेतल्या बेडकांकडून संसर्ग झाला, आणि निसर्गात सोडल्यावर रोगही सोबत गेला.

पश्चिम घाटात ही बुरशी सापडली आहे, पण बेडकांची सामूहिक मर झाल्याची नोंद नाही. तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये. साधारण १७ ते २५ अंश तापमान तिला मानवतं. ठाण्याचा मे महिना तिला सोसणार नाही, आंबोलीचा पावसाळा मात्र छान सोसेल.

उपाय साधे आहेत: दर बेडूक हाताळताना नवे ग्लोव्हज, आणि बूट-जाळी पूर्ण वाळवणं, कारण कोरडेपणात ही बुरशी मरते. आता जुलैत ठाण्याच्या बाल्कनीत गमबूट वाळवून दाखवा! म्हणून ब्लीच. पण आधी ब्रशने चिखल काढायचा, कारण चिखलात ब्लीचमधल्या क्लोरीनचा जोर संपतो. मग ब्लीचच्या पाण्यात बुडवून नळाखाली धुवायचे, तेही घरी. ओढ्यात ब्लीच गेलं तर पिल्लं मरतील. जमल्यास आंबोलीसाठी वेगळा जोड ठेवावा.

फोटोसाठी बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर बसवणाऱ्यांना मात्र ग्लोव्हज सुचवण्यात अर्थ नाही. त्यांनी बेडकाला हातच लावू नये.